तळटीप : दिंडीतली पावली
आसेगावकडच्या, एकूणच वऱ्हाडातल्या हरिनाम सप्ताहातील पावलीला लेखकाने ‘बेभान नाच’ म्हटले आहे. ते पटत नाही. मध्ये विणेकरी, समोरासमोर टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंगाच्या ठेक्यावर एकदम पुढे-मागे पडणारी पावले : भान सुटले तर टाळ चुकतो, रांग मोडते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की सारे टाळ थांबतात. नुसती गर्दीची नशा अशी थांबत नाही. शिस्तीने आनंद आटतो, असा आक्षेप कोणी घेईल. उलट, पुढचे पाऊल ठरलेले असते म्हणूनच मन नामात मोकळे होते, आणि शेजाऱ्याचे पाय बघत नवखा पोरगाही दुसऱ्या-तिसऱ्या अभंगाला संकोच विसरून उडी घेतो. — संपा.