न दुखणाऱ्या आजाराचा इतिहास : फ्रेमिंगहॅम, मुंबई, चांदूर बाजार

१/ चांदूर बाजार तालुक्यातील एखाद्या गावात आशाताई घरोघरी जाते, तेव्हा तिच्यापाशी एक छापील अर्ज असतो. वय किती? तंबाखू, खर्रा खाता का? दारू रोज घेता का? कमरेचा घेर किती? घरात कुणाला बीपी, शुगर, हृदयरोग आहे का? समोरच्या माणसाला मात्र बहुधा काहीच दुखत नसते.

२/ ज्याला काही दुखत नाही अशा माणसाची हृदयरोगासाठी तपासणी करावी, हा विचार वैद्यकाच्या इतिहासात अगदी अलीकडचा आहे. तो रुजण्यासाठी इटलीतील एक उपकरण, अमेरिकेतील एक लहानसे शहर आणि मुंबईच्या एका डॉक्टरने तपासलेली एक मुळी, या तिन्हींची गरज पडली. त्या प्रवासाची ही हकीकत.

३/ रक्ताला दाब असतो हे प्रथम मोजून दाखवले इंग्लंडमधील पाद्री स्टीफन हेल्स यांनी. त्यांनी घोडीच्या धमनीत नळी बसवली, तेव्हा काचेच्या उभ्या नळीत रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले. हा प्रयोग १७३३ साली प्रसिद्ध झाला. माणसावर तो करणे अर्थातच अशक्य होते.

४/ १८९६ साली इटलीतील शिपिओने रिवा-रोच्ची यांनी दंडाला हवेचा पट्टा बांधून, एक थेंबही रक्त न सांडता दाब मोजण्याचे साधन तयार केले. १९०५ साली रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव यांनी पट्ट्याखालच्या धमनीचे आवाज स्टेथोस्कोपने ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे टिपण्याची रीत सांगितली. दवाखान्यात आजही हीच रीत वापरतात.

५/ साधन मिळाले, पण आकड्याचा अर्थ लागत नव्हता. अरुंद, कडक झालेल्या धमन्यांतून रक्त पुढे ढकलायचे तर दाब वाढणे आवश्यकच आहे, असे अनेक नामांकित डॉक्टर मानत. ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’ या नावात त्याच समजुतीची खूण आहे. दाब मोजला जाई, वहीत लिहिला जाई आणि तिथेच थांबे.

६/ याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. मार्च १९४४ मध्ये तरुण हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले, तेव्हा दाब १८६/१०८ होता आणि हृदय थकलेले होते. विश्रांती, कमी मीठ, कमी सिगारेट आणि डिजिटॅलिस, एवढेच उपाय हाती होते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. त्या दुपारी नोंदलेला दाब होता ३००/१९०.

७/ जगातील सर्वांत बलाढ्य पदावरील माणसालाही वैद्यक वाचवू शकले नाही. १९४८ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली. त्याच वर्षी बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम या शहरात एक वेगळाच अभ्यास सुरू झाला. ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी करायची आणि पुढे कुणाचे काय होते ते पाहत राहायचे.

८/ तोवर वैद्यकाचा अभ्यास आजारी माणसापासून सुरू होई. फ्रेमिंगहॅमने निरोगी माणसापासून सुरुवात केली. १९६१ साली तेथील संशोधकांनी सहा वर्षांच्या नोंदी मांडल्या. उच्च रक्तदाब व वाढलेले कोलेस्टेरॉल असणाऱ्यांना हृदयविकार अधिक होतो, असे त्यांत दिसले. ‘जोखीम घटक’ ही आज सर्वतोमुखी झालेली संकल्पना त्या लेखातून रूढ झाली.

९/ तरीही एक आक्षेप उरला. वाढलेला दाब घातक असेलही, पण तो उतरवल्याने माणूस वाचतो का? आणि उतरवायचा कशाने? १९४० च्या दशकात केवळ भात व फळांचा बिनमिठाचा आहार आणि मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, असे कठोर मार्ग होते. सोपा मार्ग भारतातून पुढे आला.

१०/ सर्पगंधा ही वनस्पती भारतीय परंपरेत सर्पदंश, निद्रानाश व उन्माद यांवर वापरली जाई. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या मुळीने रक्तदाबही उतरतो असे लिहिले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातील द्रव्ये वेगळी केली. पाश्चात्त्य वैद्यकाने मात्र दखल घेतली नाही.

११/ ती दखल घेणे भाग पाडले मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९११ साली पारशी कुटुंबात जन्मलेले वकील मुंबईच्या केईएम रुग्णालयात हृदयरोगांवर काम करत. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या देऊन त्यांनी दाबाची पद्धतशीर नोंद ठेवली. बहुतेकांचा दाब उतरला. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये हा लेख आला.

१२/ या लेखामुळे जगाचे लक्ष वळले. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी ही मुळी आपल्या रुग्णांना दिली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. १९५७ साली वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

१३/ रिसर्पिन निर्दोष नव्हते. मोठ्या मात्रेत काहींना खिन्नता ग्रासू लागली आणि पुढे अधिक सोसवणारी औषधे आल्यावर ते मागे पडले. पण मागे पडण्याआधी त्याने एक निर्णायक काम केले.

१४/ अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांनी १४३ पुरुष निवडले. सर्वांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता. निम्म्यांना तीन औषधे दिली आणि त्यांतले एक होते रिसर्पिन. उरलेल्यांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. १९६७ साली निकाल आला. औषध घेणाऱ्यांत एकही मृत्यू नव्हता, दुसऱ्या गटात चार होते.

१५/ आता मोजण्याला अर्थ आला. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन व युंगनर यांनी तपासणी मोहिमांची तत्त्वे लिहिली. शोधलेल्या आजारावर मान्य उपचार असला पाहिजे आणि उपचाराची सोयही असली पाहिजे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. उपचार न देता केवळ आजार शोधणे म्हणजे माणसाला नुसती काळजी देणे.

१६/ फ्रेमिंगहॅमचे रहिवासी प्रामुख्याने गोरे होते. त्यांचे मोजमाप वऱ्हाडच्या शेतकऱ्याला जसेच्या तसे लागू होईल का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवती स्त्रिया व नवजात बालकांचा अभ्यास केला. बाळे वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी अधिक, असे आढळले. बारीक दिसणारा भारतीय देहही जोखमीबाहेर नाही.

१७/ म्हणूनच आशाताईच्या अर्जात वजनकाट्याऐवजी टेप लागतो. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रीची ८० पेक्षा जास्त भरली, तर गुण वाढतात. वय, तंबाखू, दारू, शारीरिक श्रम व घराण्यातील आजार यांचेही गुण धरतात. बेरीज चारहून अधिक झाली, तर त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्याने पाठवायचे. चार किंवा कमी गुण म्हणजे सुटका नव्हे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा दाब मोजायचाच असतो.

१८/ कर्करोग, मधुमेह, हृदयरोग व पक्षाघात यांच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील वर्धा, वाशीम, गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर आणि अमरावती हे जिल्हे होते. हृदयरोग हा शहरी श्रीमंतांचा आजार, ही समजूत सरकारी कागदावर तरी तेव्हाच मोडली.

१९/ नोव्हेंबर २०१७ मध्ये रक्तदाब नियंत्रणाचा स्वतंत्र उपक्रम आला. त्यात अमरावतीला लागून असलेला वर्धा जिल्हा होता, तसेच भंडारा, सातारा व सिंधुदुर्ग. त्याचा भर साध्या गोष्टींवर होता : सर्वत्र एकच ठरलेला औषधक्रम, गोळ्यांचा पुरेसा साठा, प्रत्येक रुग्णाची नोंद. किती जण तपासले यापेक्षा पुढच्या भेटीत कितींचा दाब १४०/९० च्या खाली आला, हे त्यात मोजले जाते.

२०/ खरी कसोटी या दुसऱ्या भेटीची आहे. कपाशीची वेचणी वा संत्र्याचा तोडा सुरू असताना गोळ्या संपतात आणि दुखत काहीच नसल्याने दवाखान्याची फेरी पुढे ढकलली जाते. रूझवेल्टना ज्या गोळीअभावी जग वाचवू शकले नाही, तशा गोळ्या आज सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्या महिनोन्महिने चालू राहाव्यात, म्हणून आशाताईला त्याच दारी पुन्हा जावे लागते.

(समाप्त)