बिननावाचा आयसी

आयसीच्या पाठीवर छापलेला क्रमांक हे त्याचे नाव असते आणि बहुधा आडनावही. पार्सेकर म्हटले की मूळ गाव पार्से, हे पेडण्यात कोणाला सांगावे लागत नाही. तसेच ‘एलए’ने सुरू होणारा आयसी सान्योचा, ‘एएन’ मात्सुशिताचा, ‘एचए’ हिताचीचा, ‘टीए’ तोशिबाचा, हे रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्याला पाठ असते. आखातात नोकरीला गेलेल्या गोवेकरांनी सुट्टीवर येताना जे जपानी टू-इन-वन आणले, त्यांनीच ही अक्षरे दुकानादुकानांत पोचवली. पंचाईत होते ती आयसीची पाठ कोरी निघाली की. कोऱ्या नगाची ओळख पटवण्याची विद्या मात्र आयसीहून जुनी आहे.

तिची सुरुवात व्हॉल्व्हच्या काळात झाली. व्हॉल्व्हचे नाव काचेवर शाईने छापत आणि पुसायला गेले की धुळीबरोबर नावही जाई. युरोपात १९३४च्या सुमारास रूढ झालेल्या पद्धतीत नावातच गुण सांगितलेला असे : ‘ईएल८४’मधला ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचे हीटर, ‘एल’ म्हणजे आउटपुट पेंटोड. पुसट काचेवर तोंडाची वाफ सोडली की गेलेली अक्षरे पुष्कळदा क्षणभर उमटत. तेवढ्यानेही भागले नाही तर काचेतून आतल्या पट्ट्या आणि जाळ्या दिसतच. नाव गेले तरी व्हॉल्व्हचे तोंड उघडे असे.

ट्रान्झिस्टरने ते झाकले. ‘एसी१२८’मधला ‘ए’ जर्मेनियमचा आणि ‘सी’ आवाजाच्या कामाच्या लहान ट्रान्झिस्टरचा. हा ट्रान्झिस्टर बंगळूरची बीईएल कंपनीही करी. जपान्यांनी ‘२एससी९४५’ अशी लांबलचक नावे ठेवली आणि छापताना पुढचे ‘२एस’ गाळले, म्हणून पाठीवर नुसते ‘सी९४५’ उरते. युरोपीय नावांची नोंद १९६६पासून ब्रुसेल्सची प्रो इलेक्ट्रॉन ही संस्था ठेवू लागली. टीबीए८१०, टीडीए२०३० ही आवाजाच्या आयसींची नावे त्याच पद्धतीतली. पहिला ‘टी’ ॲनालॉग सर्किटचा.

दोन्ही बाजूंना पायांची रांग असलेला आयसी फेअरचाइल्ड कंपनीने १९६४ साली आणला. एका टोकाची खाच डावीकडे धरली की खालच्या डाव्या कोपऱ्यात पहिला पाय, आणि तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजणी. पुढे १९६८च्या ७४१ने आठ पायांची मांडणी रुळवली : ७ वर धन, ४ वर ऋण, ६ वर आउटपुट. ४५५८सारख्या जोड आयसीत धन ८ वर गेले आणि आउटपुट १ व ७ वर. नाव खोडणाऱ्यांचे पुढे खरे फावले नाही ते या शिस्तीमुळे. पाठ खरवडता येते, पाय बदलता येत नाहीत.

मुद्दाम खोडण्याचे कूळ वेगळे. त्याचा गाजलेला पूर्वज अमेरिकेतल्या एआरपी कंपनीच्या सिंथेसायझरमध्ये सापडतो. तिचे ४०१२ क्रमांकाचे फिल्टर राळेत बुडवून गोठवलेले होते. आत शिडीसारखी जी रचना होती तिचे पेटंट रॉबर्ट मूग यांना १९६९ साली मिळालेले होते. प्रकरण अंगाशी येणार असे दिसल्यावर एआरपीने रचना बदलून ४०७२ आणले. मोठ्या कंपन्यांनी याहून सभ्य वाट धरली : बाजारातल्याच आयसीवर स्वतःचा खासगी क्रमांक छापून घ्यायचा, म्हणजे सुटा भागही त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. लहान कारखानदाराकडे छापून घेण्याचे वजन नसते. तो सरळ पॉलिश पेपर मारतो. सगळ्यांत वाईट नकली माल करणारे. ते जुनी पाठ घासतात, वर काळा थर देतात आणि महागड्या आयसीचे नाव छापतात. तो थर पुष्कळदा ॲसिटोनच्या बोळ्यावर काळा उतरतो. लेझरने कोरलेले नाव नुसते मळले असेल, तर खडूची भुकटी चोळून टॉर्च तिरपा धरल्यावर ते वाचता येते.

काहीच वाचता आले नाही, की शेजार पाहायचा. गावात अनोळखी माणूस कोणाच्या घरी उतरला यावरून त्याचे नाते लावतात, तसे. जत्रेतली भजने, दशावतारी नाटके आणि चवथीच्या आरत्या यांना लागणाऱ्या लहान अँप्लिफायरमध्ये पाच पायांचा, मागे पत्रा आणि स्क्रूचे भोक असलेला आयसी नेहमी आढळतो. तो टीडीए२००३, टीडीए२०३०, टीडीए२०५० किंवा एलएम१८७५ असू शकतो आणि चौघांचे पाय एकसारखे आहेत : १ इनपुट, २ फीडबॅक, ३ ऋण किंवा ग्राउंड, ४ आउटपुट, ५ धन. पायांवरून घराणे कळते, माणूस नाही. माणूस कळतो दुसऱ्या पायाशी लावलेल्या रेझिस्टन्सवरून. तिथे लाल-लाल-सोनेरी पट्ट्यांचा, म्हणजे २.२ ओहमचा असेल आणि जोडीला २२० ओहमचा, तर ती २००३ची नेहमीची मांडणी. निळा-करडा-तपकिरी म्हणजे ६८० ओहमचा आणि जोडीला २२ किलोओहमचा असेल, तर २०३० किंवा २०५०. मग सप्लाय पाहावा. २००३ची चालवण्याची मर्यादा १८ व्होल्ट, २०३०ची दोन्ही बाजू मिळून ३६, २०५०ची ५०, १८७५ची ६०. सेट पुरता मेलेला असला तरी मुख्य कपॅसिटरवरचा आकडा वाचता येतो : १६ किंवा २५ व्होल्टचा असेल तर एक गोष्ट, ५०चा असेल तर दुसरी. ३० व्होल्टवर २००३ बसवला तर मालकासमोर धूर निघतो.

एका रांगेत चौदा पाय असलेला आयसी आपल्याकडे बहुधा एलए४४४० निघतो. त्याची खूण ११ व्या पायावर सप्लाय आणि १० व १२ वर सुमारे त्याच्या निम्मे व्होल्ट.

गायकाच्या आवाजाला घुमारा देणाऱ्या इको बोर्डावर सोळा पायांचा कोरा आयसी आणि जवळच ५ व्होल्टचा रेग्युलेटर दिसला, तर पहिला संशय पीटी२३९९वर घ्यावा. पाय १ वर ५ व्होल्ट आणि पाय २ वर २.५ मिळाले की संशय बळावतो. सहाव्या पायाचा रेझिस्टन्स बदलून पाहिल्यावर इकोचे अंतर लांबले किंवा आखडले, तर खात्री. हे अंतर सुमारे ३० मिलिसेकंदांपासून ३४० पर्यंत जाते.

अंदाज बांधला तरी नवा आयसी थेट सोल्डर करत नाहीत. दोन रांगांचा असेल तर आधी सॉकेट बसवतात, सप्लायच्या वाटेत सिरीज बल्ब घालतात आणि बल्ब लख्ख पेटला तर बटण बंद करून हिशेब पुन्हा मांडतात. जमले की खरा क्रमांक मार्करने बोर्डावरच लिहावा, पुढच्या दुरुस्तीला तो लागतो.

ब्लूटूथ आणि यूएसबीच्या बोर्डांवरच्या आयसीला मात्र ही रीत पुरत नाही. त्याचे पाय आणि शेजार ओळखले तरी काम चालते ते आत भरलेल्या प्रोग्रामवर. बाजारातून आणलेला तसाच आयसी आतून रिकामा असतो, म्हणून तिथे अख्खा बोर्ड बदलतात.