घाम कोणाचा, फळ कोणाला: गिरणगावाचा पुरावा

मुंबईच्या कापड गिरण्यांत विजेचे दिवे सर्रास लागू लागले ते १९०५च्या सुमारास. तोवर कामाचा दिवस सूर्य ठरवत असे. उजाडले की साचे सुरू व्हायचे, दिसेनासे झाले की थांबायचे. हिवाळ्यात त्यामुळे थोडी उसंत मिळे, उन्हाळ्यात मात्र दिवस तेरा-चौदा तासांचा होई. दिवे आले तेव्हा बाजारात कापडाची तेजी होती आणि काही गिरण्यांनी तोच दिवस साडेचौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला. पहाटे चाळीतून निघालेला माणूस रात्री परत येई, तोवर मुले झोपलेली असत. कष्टाचे माप तासांत आणि घामात मोजायचे ठरवले, तर मुंबईच्या इतिहासात या पिढीइतके कष्ट क्वचितच कोणी उपसले असतील. आणि हीच पिढी सगळ्यात दरिद्री होती. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे, डोक्यावर पठाण सावकाराचे कर्ज, गावाकडे मनिऑर्डर गेली नाही तर तिथली चूल बंद. मनापासून कष्ट करणाऱ्याचे भले होते, ही आपल्याकडची जुनी खात्री आहे. ती मुलांना घरात आणि शाळेत दिली जाते, आणि ती देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ती कितपत खरी आहे हे तपासायचे असेल, तर गिरणगावाइतका मोठा आणि सव्वाशे वर्षे पसरलेला पुरावा महाराष्ट्रात दुसरा नाही.

या पुराव्याची सुरुवात ताडदेवला होते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ साली त्यांची गिरणी चालू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा पट्टा धुरांड्यांनी भरून गेला. माणसे आली ती कोकणातून आणि घाटावरून. १९११च्या सुमारास गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते, आणि त्या वेळच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही येत असे. खडकाळ शेतीत वर्षाचे धान्य पिकत नव्हते, म्हणून घरटी एकेक जण मुंबईला निघाला. म्हणजे कष्टांची तयारी ही माणसे गावाहूनच घेऊन आली होती. ती त्यांना कोणी शिकवावी लागली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो जुना आहे. मालकांचे म्हणणे असे की हा कामगार मुळी कष्टाळू नव्हताच. तासन्‌तास गिरणीत असे, पण त्यातला बराच वेळ आवारात तंबाखू ओढण्यात, पाणी पिण्यात, रेंगाळण्यात घालवी. १९०८ सालच्या कारखाना आयोगानेही हे रेंगाळणे नोंदवले. पुढे, १९८७ साली, ग्रेगरी क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने जगभरच्या गिरण्यांचे आकडे मांडून दाखवले की १९१०च्या आसपास अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचा एक कामगार जितकी यंत्रे सांभाळी, तितक्यांना भारतात सहाएक माणसे लागत. हा आकडा गंभीर आहे, तो झटकून टाकता येत नाही. पण त्याचा अर्थ काय लावायचा? मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास बारकाईने लिहिणारे राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिले आहे की मालक स्वस्तातला आखूड धाग्याचा कापूस मिसळून सूत काढत, त्यामुळे धागा वारंवार तुटे आणि तो जोडायला माणूस सतत हाताशी लागे. माणूस स्वस्त होता, यंत्र महाग होते. तेव्हा यंत्रामागे जास्त माणसे लावणे हा मालकाचा हिशेब होता, त्यात कामगाराच्या आळसाचा पुरावा शोधणे चूक आहे. राहिले रेंगाळणे. पंधरा तास गरम दमट हवेत, डोळ्यांत आणि छातीत कापसाचा तूस जात असताना, कोणतेही शरीर एकसारखे राबू शकत नाही. त्याच आयोगातले सदस्य डॉ. टी. एम. नायर यांनी बहुमताशी असहमती नोंदवून प्रौढ पुरुषांच्या तासांवरही कायद्याची मर्यादा मागितली. १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांत ती बारा तासांवर आणलीही. रेंगाळणारा कामगार आपल्या जिवापुरती विश्रांती चोरत होता, एवढेच त्यातून सिद्ध होते.

कष्टाने माणूस वर चढतो असे म्हणताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो, की वर जाणारा जिना सगळ्यांना मोकळा आहे. गिरणीत तो मोकळा नव्हता. सगळ्यात बरा पगार साळखात्यात, म्हणजे विणकामात. आणि साळखात्याचे दार दलित कामगारांना बंद होते. कारण पाहण्यासारखे आहे. मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घाली आणि तिचे सूत धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून, श्वासाने ओढून बाहेर काढी. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या हाती जाणार, म्हणून सवर्ण विणकरांनी विटाळाची सबब पुढे केली, आणि मालकांनी ती चालू दिली. दलित कामगार वर्षानुवर्षे कताईच्या कमी पगाराच्या खात्यांत राहिले. तिथे कोणी कितीही चोख काम केले, कितीही खाडे टाळले, तरी तो मागापर्यंत पोहोचणार नव्हता. १९२८च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक ठेवला: ही बंदी उठवण्याची मागणी तुमच्या यादीत नसेल, तर आमच्या माणसांनी तुमच्या संपात का यावे? मागणी यादीत घ्यावी लागली. विषमता मालकाच्या कचेरीत होती तशी कामगारांच्या रांगेतही होती, हे गिरणगावाचा अभिमान बाळगणाऱ्या आपण विसरता कामा नये.

मग कामगाराची स्थिती कधी सुधारली? तारखा लावून पाहिले की उत्तर स्पष्ट दिसते. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार अशा साध्या मागण्या होत्या. सहा वर्षे पाठपुरावा झाला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारही तिथे बोलल्या, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. म्हणजे गिरणी कामगाराला पहिले मोठे सुख लाभले ते काम थांबवण्याच्या हक्काचे. पुढे १९२८ साली दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने संपावर राहिले. तेव्हाच्या तक्रारी वाचल्या की कष्टाचे फळ वाटेत कुठे गळून पडत होते ते कळते. कापडात डाग किंवा गाळा राहिला तर ते कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापली जाई. एक दिवस खाडा झाला तर काही गिरण्यांत दोन दिवसांचा पगार जाई. त्यात दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, अशी नवी सक्ती सुरू झाली होती. जास्त राबल्याचे बक्षीस म्हणून शेजारच्याची नोकरी जाणार होती. या संपातून सगळे पदरात पडले नाही, पण पगार हा मालकाच्या मर्जीचा विषय नाही, हे त्यानंतर कोणालाही नाकारता आले नाही. १९४७ साली औद्योगिक न्यायालयाने पगारांचे प्रमाणीकरण केले आणि किमान मूळ पगार महिना तीस रुपये ठरला, वर महागाई भत्ता. १९४८च्या कारखाना कायद्यात आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा होता. पन्नास-साठच्या दशकांतल्या कायम कामगाराने आठ तासांची पाळी केली, बोनस घेतला, प्रॉव्हिडंट फंड साठवला, मुलांना शाळेत घातले. त्याचा आजा पंधरा तास राबला होता आणि कर्जात मेला होता. नातवाचे कष्ट आज्यापेक्षा जास्त होते असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या कष्टाला बाजारात, कायद्यात आणि संघटनेत आधार मिळाला होता, फरक तिथे पडला.

यावर असे म्हणता येईल की काही माणसे स्वतःच्या हिमतीवर वर गेलीच की. गेली, आणि त्यांचे कर्तृत्व कमी लेखू नये. पण त्या काळात वर जाण्याचा मुख्य मार्ग जॉबर, म्हणजे माणसे कामावर घेणारा मुकादम, होण्याचा होता, आणि जॉबर हा केवळ चांगला कारागीर असून चालत नसे. त्याला माणसे जमवता यावी लागत, गावकी सांभाळावी लागे, साहेबाची मर्जी राखावी लागे. सकाळी गिरणीच्या दारात बदली कामगार, म्हणजे गैरहजर असलेल्यांच्या जागी घेतले जाणारे, उभे राहत आणि आत कोणाला घ्यायचे हे तो ठरवी. त्यासाठी दस्तुरी, म्हणजे लाच, घेतली जाई. दारात उभ्या असलेल्या वीस जणांपैकी पाच आत गेले, तर उरलेले पंधरा आळशी होते असा निष्कर्ष निघत नाही. १९३०च्या दशकाच्या मध्यावर बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांना पाळीने काम देण्याची पद्धत आली. पण बदलीत दहा-दहा वर्षे काढणारी माणसे १९८२ सालीही होतीच, आणि त्यांना कायम करा, ही त्या वर्षीच्या संपाची एक प्रमुख मागणी होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावाविषयीचा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे, आणि तो कामगारांच्या घरांतही बोलला जातो: निमूट काम करत राहिले असते तर वाचले असते, संपाने घर बुडवले. सामंतांच्या धोरणात चुका होत्या. वाटाघाटीचे दार उघडे ठेवण्यात ते कमी पडले, असे माझेही मत आहे. पण आक्षेप खरा असेल, तर जे संपातून लवकर परतले, मान खाली घालून कामाला लागले, त्यांचे तरी भले व्हायला हवे होते. तसे झाले नाही. १९८३ साली तेरा गिरण्यांचा कारभार सरकारने ताब्यात घेतला, काही खासगी गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांतल्या बहुतेक एकेक करून बंद पडल्या. संपात ठाम राहिलेल्याची नोकरी १९८३ साली गेली आणि इमानाने परतलेल्याची काही वर्षांनी, इतकाच फरक. कारण कापड विणण्याचे काम तोवर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर सरकले होते, जिथे कामगार बारा तासांची पाळी करत आणि कायद्याचे संरक्षण नावापुरते होते. आणि गिरणीच्या खालची जमीन गिरणीपेक्षा मोलाची झाली होती. १९९१च्या विकास नियमावलीत या जमिनीचे तीन वाटे करून एक महापालिकेला, एक म्हाडाला आणि एक मालकाला असा नियम होता. २००१ साली दुरुस्ती करून वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरवली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम केली. त्याआधी, २००५ साली, मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती. साऱ्या गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर जमीन होती. तिचे मोल वाढले ते भोवती शहर उभे राहिले म्हणून, आणि ते उभे करणाऱ्यांत हेच हात होते. त्यांच्या पगारपत्रकात या वाढीची नोंद कुठेच नव्हती.

यश आणि समाधान या दोन गोष्टी आहेत आणि दुसरीविषयी मला वेगळे म्हणायचे आहे. गिरणगावाला कष्टातून समाधान मिळाले नाही, असे म्हणणे खोटे होईल. मागांच्या गडगडाटात शब्द ऐकू येत नसत, तेव्हा विणकर ओठांच्या हालचालींवरून एकमेकांशी बोलत. कोणता माग बिघडायच्या बेतात आहे हे जुन्या विणकराला त्याच्या नुसत्या आवाजावरून कळे. हातातली ही जाण माणसाला ताठ उभे करते. पाळी सुटल्यावर भजनी मंडळे होती, गणपतीची नाटके होती, खानावळीत चार गावचे लोक एका पंक्तीला बसत. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने रस्त्यावर सापडलेले तान्हे मूल घरी आणून वाढवले, ते मूल म्हणजे कवी नारायण सुर्वे. अण्णाभाऊ साठेंनीही गिरणीत काम केले होते. पण हे समाधान कुठून आले ते नीट पाहिले पाहिजे. कसब आले दीर्घ सरावातून, आणि सराव व्हायला नोकरी टिकावी लागते. मंडळे आली रिकाम्या वेळातून, आणि तो रिकामा वेळ लोखंड्यांच्या अर्जापासून लढून मिळवलेला होता. पंधरा तास राबणाऱ्याला भजनाला बसायचे त्राण नसते. म्हणून नुसत्या कष्टाची महती सांगून मुलांना कामाला जुंपणारे आणि कष्टाला काही अर्थच नाही म्हणणारे, दोघांशीही माझे पटत नाही. गिरणी कामगाराचे कष्ट खरे होते, त्यांतून कापड खरे निघाले, शहर खरे उभे राहिले. त्याला नाकारला गेला तो त्यातला वाटा.

गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या घरांचे मोठे वाटप जून २०१२ मध्ये झाले. घरे ६,९२५ होती आणि अर्ज लाखाहून अधिक. १ जानेवारी १९८२ नंतर गिरणीच्या हजेरीपटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस अर्ज करू शकत होता. आयुष्यभर मागावर उभा राहिलेला विणकर असो की जेमतेम दोन वर्षे बदलीत काढलेला पोरगा, दोघांची नावे त्याच वाटपात होती. कोणाला घर द्यायचे, ते सोडत काढून ठरवले गेले.