निवृत्तीचं जेवण : पाहुण्याच्या कामाला मान देणारं टेबल कसं मांडतात?

महाराष्ट्रात मे महिन्याची अखेर म्हणजे निरोप समारंभांचा हंगाम. शाळेत नाव घालताना सोयीची म्हणून १ जून हीच जन्मतारीख लावलेली माणसं गावोगावी सापडतात. सरकारी नियमानुसार ज्यांचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, ते आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात. त्यामुळे ३१ मे आला की कचेऱ्यांमध्ये शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छांची एकच गर्दी होते. घरी मात्र हल्ली वेगळी तयारी दिसते. निवृत्त होणाऱ्या माणसाच्या कामावर आधारलेलं जेवणाचं टेबल मांडायचं, फोटो काढायचे आणि मग जेवायचं.

इन्स्टाग्रामवर असे फोटो पाहून ही पद्धत बाहेरून आली असं वाटू शकतं. पण डोहाळजेवण आठवून पाहा. होडीतलं, चांदण्यातलं, झोपाळ्यावरचं असे त्याचे प्रकार ठरलेले आहेत. केळवणाच्या ताटाभोवती महिरप आणि रांगोळी असतेच. एका माणसासाठी, त्याच्या आयुष्यातल्या एका वळणासाठी पान खास सजवायचं, ही कल्पना मराठी घराला नवी नाही. नवीन आहे ते इतकंच की, इथे विषय माणसाच्या नोकरीचा असतो.

एका गायिकेसाठी बर्फाचा हंस

पाहुण्याच्या कामावरून ताट सजवण्याचं बहुधा सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण लंडनमधलं आहे. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियन गायिका नेली मेल्बा कोव्हेंट गार्डनमध्ये वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ या ऑपेरात गात होती. या कथेत नायक हंसाने ओढलेल्या नावेतून येतो. सॅव्हॉय हॉटेलचा मुख्य आचारी ओग्युस्त एस्कॉफिए याने तिच्यासाठी बर्फाचा हंस कोरून घेतला आणि त्याच्या पंखांमध्ये चांदीच्या भांड्यात व्हॅनिला आइस्क्रीम व पीच ठेवून वाढले. रासबेरीचा रस नंतर आला आणि ‘पीच मेल्बा’ जगभर पोहोचलं.

यात पाहण्यासारखी गोष्ट अशी की, एस्कॉफिएने संगीताची चिन्हं किंवा माइक असलं काही मांडलं नाही. मेल्बा त्या दिवसांत कोणतं काम करत होती, हे त्याला माहीत होतं. हंस दुसऱ्या कुठल्याही गायिकेपुढे ठेवला असता तर तो नुसता बर्फ ठरला असता.

चांद्रवीरांसाठी १३ ऑगस्ट १९६९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी मेजवानी दिली, तेव्हा गोड पदार्थ चंद्रासारखा होता आणि त्यावर चिमुकला ध्वज रोवलेला होता. थोडं बाळबोध वाटेल, पण ज्यांनी खरोखर तिथे जाऊन ध्वज रोवला, त्यांच्या ताटात ते शोभून गेलं असणार.

याच कल्पनेचा सगळ्यात मोठा प्रयोग म्हणजे ज्युडी शिकागो या कलावतीची ‘द डिनर पार्टी’ ही कलाकृती. १९७४ ते १९७९ या काळात शेकडो मदतनिसांच्या साहाय्याने ती तयार झाली आणि आता न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये कायमची मांडलेली आहे. त्रिकोणी टेबलाची प्रत्येक बाजू सुमारे ४८ फूट आहे आणि प्रत्येक बाजूला १३ पानं आहेत. इतिहासातल्या आणि पुराणकथांमधल्या ३९ स्त्रियांसाठी ही ३९ पानं. प्रत्येकीची रंगवलेली थाळी वेगळी आणि थाळीखालचा भरतकामाचा पट्टाही वेगळा. संगीतकार एथेल स्मिथच्या थाळीला पियानोचा आकार आहे. धूमकेतू शोधणाऱ्या कॅरोलिन हर्शेलच्या थाळीच्या मध्यभागी डोळा आहे. दुर्बिणीला लावलेला डोळा हेच तिचं अवजार होतं! जेवायला अर्थातच कुणी येत नाही. घरच्या टेबलाचं मात्र तसं नसतं, तिथे आमटीही सांडते.

आधी माहिती, मग सजावट

घरी बहुतेकदा चूक होते ती पहिल्याच पायरीवर. शिक्षक म्हटलं की फळा-खडू, डॉक्टर म्हटलं की स्टेथोस्कोप, बँकवाले म्हटलं की चॉकलेटची नाणी. सामान बाजारात तयार मिळतं आणि फोटोही बरा येतो. पण ते टेबल कुठल्याही शिक्षकाचं असतं. ज्या बाईंनी तीस वर्षं भूगोल शिकवला आणि नकाशे हाताने काढून घेतले, त्यांना कापडावर स्वतःच्या शाळेच्या परिसराचा नकाशा दिसला तर त्या वाढप थांबवून तो वाचत बसतील.

म्हणून खरेदीआधी घरच्यांना आणि एखाद्या जुन्या सहकाऱ्याला चार प्रश्न विचारावेत. पहिली नेमणूक कुठली? रोज हातात असलेली वस्तू कोणती? त्यांच्या तोंडचा कामातला शब्द कोणता? आणि कामामुळे कायम हुकलं ते काय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा सगळ्यात उपयोगी पडतं.

एसटीतून निवृत्त होणाऱ्या वाहकाचं उदाहरण घेऊ. बाजारात प्लास्टिकची लाल बस मिळते. ती लहान मुलांच्या वाढदिवसाला ठीक. वाहकाचं काम म्हणजे तिकिटांचा ट्रे, पंच, चामडी पिशवी, वेबिल आणि घंटी. तेव्हा पदार्थांची यादी वेबिलासारख्या रकान्यांत लिहिता येते. ज्या मार्गावर त्यांनी जास्तीत जास्त वर्षं काढली, त्या मार्गाचे थांबे पाहुण्यांच्या जागांना द्यावेत. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. त्याच रस्त्यावरचा वाहक असेल तर वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपे अशी नावं क्रमाने लागतील आणि कोण कुठे ‘उतरणार’ यावरून टेबलावर गप्पा आपोआप सुरू होतील. नावाची चिठ्ठी जुन्या तिकिटाएवढी आणि तिला पंचाचं एक भोक. खरा पंच हवा असेल तर आगारात रीतसर विचारून आणावा. नाही मिळाला तर कागदाला भोक पाडायचं साधं यंत्रही चालतं.

आणि हुकलेलं काय? दिवाळीत जादा गाड्या, आषाढीला पंढरपूरची ड्युटी. कित्येक लक्ष्मीपूजनं रस्त्यावर गेलेल्या माणसाच्या ताटात मे महिन्यात चकली आणि करंजी वाढली, तर त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्यासाठी सजावटीचा खर्चही शून्य.

जेवायला जागा उरली पाहिजे

बाकीचं गणित सोपं आहे. एका माणसाला टेबलाची निदान दोन फूट रुंदी लागते. मराठी ताट वाट्यांसकट बरीच जागा खातं, त्यामुळे सगळी सजावट मध्यावरच्या पट्टीत ठेवावी. तिची उंची किती? कोपर टेबलावर टेकवून मूठ उभी धरावी. मुठीच्या वर काही जाऊ नये, नाहीतर समोरच्याचं तोंड दिसत नाही. ताटातली मांडणी नेहमीचीच ठेवावी. मीठ-लिंबू वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. इथे नवीन प्रयोग करण्यात हशील नाही, कारण हात सवयीने जिथे जायचा तिथेच जातो.

वापरलेली अवजारं अन्नाजवळ आणू नयेत. नर्ससाठी सिरिंजमधून चटणी वाढण्याची कल्पना इंटरनेटवर दिसते, पण ज्या बाईंनी वॉर्डात आयुष्य काढलं त्यांना ती गंमत वाटेलच असं नाही. चकाकी, सुट्टे मणी, छापील कागद यांचा पदार्थाला स्पर्श होऊ देऊ नये. फुलांत कण्हेर आणि धोतरा टाळावेत. दोन्ही विषारी आहेत. निशिगंधाचा वास वरण-भातावर मात करतो, म्हणून तो दारातल्या फुलदाणीत बरा.

सैनिक किंवा पोलीस निवृत्त होत असतील तर एक गोष्ट कायद्याची. राष्ट्रध्वज टेबलावर अंथरता येत नाही. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाविषयीच्या कायद्यानुसार रुमाल, नॅपकिन, उशी यांवर तो छापणं किंवा भरणं हाही अपमान ठरतो. तिरंगी नॅपकिन दुकानात मिळत असले तरी घेताना अशोकचक्र आहे का, ते पाहावं. गणवेशावरची बिरुदं आणि पदकंही ताटाजवळ नकोत. ती चौकटीत, भिंतीवर.

पाहुण्याला आधी सांगायचं का? आश्चर्याचा धक्का देण्याची हौस सगळ्यांनाच असते. पण नोकरी सुखाने संपलेली नसेल, म्हणजे बढती अडली असेल, चौकशी चालू असेल किंवा आजारपणामुळे लवकर बाहेर पडावं लागलं असेल, तर कामाचा विषय टेबलावर आणण्याआधी घरातल्या एकाने त्यांना विचारून घ्यावं. नको म्हणाले तर त्यांच्या आवडीचं जेवण करावं आणि महिरप नेहमीची काढावी.

फोटो वाढण्याआधी काढून घ्यावेत, नाहीतर पुरी गार होते. जेवण झाल्यावर वेबिलाच्या रकान्यांत प्रत्येकाने आपलं नाव आणि आपला थांबा लिहावा. तो कागद पाहुण्यासोबत घरी जातो आणि पंच दुसऱ्या दिवशी आगारात परत.