रेसिडेन्सी बाजार आणि आम्ही परभणीकर

परभणीच्या स्टेशनावर उभे राहिले म्हणजे, परळीचा फाटा सोडला तर, रुळांच्या दोन वाटा दिसतात. एक मनमाडवरून मुंबईकडे जाते. दुसरी पूर्णा, नांदेड, निजामाबाद करीत काचीगुड्याला पोहोचते. आज आम्हां बहुतेकांचे तोंड पहिल्या वाटेकडे असते. परंतु १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमच्या जिल्ह्याची राजधानी दुसऱ्या वाटेच्या टोकाला होती. दावा वरच्या कोर्टात गेला की हैदराबाद. मुलाला पुढे शिकवायचे की हैदराबाद. लग्नाचा बस्ता जरा हौसेने बांधायचा तरी हैदराबाद. सरकारी दफ्तरात या शहराला ‘बलदा’ म्हणत, म्हणजे नुसतेच ‘शहर’.

आमचा आजचा विषय हे सबंध शहर नव्हे. चारमिनार १५९१ चा. तो पाहुण्यांना दाखवायला ठीक. ज्या पेठेने आमच्या जिल्ह्याच्या जीवनात खरी उलथापालथ केली, ती मुसा नदीच्या अलीकडे, उत्तर तीरावर आहे. काचीगुडा स्टेशनची इमारत १९१६ ची. तेथून निघून बडी चावडी ओलांडली की सुलतानबाजार, त्याला लागून कोठी, मग पुतळीबावडी, ट्रूप बाजार, पुढे आबिड्स आणि गनफौंड्री. हातात फारसे सामान नसेल तर सारे पायी होण्यासारखे आहे. मोटारीने येणारा गौळीगुड्याला उतरे. तेथील जुन्या बसस्थानकाचे ते प्रचंड गोल पत्र्याचे छप्पर अनेकांना आठवत असेल. ते २०१८ साली कोसळले.

या पेठेचा जन्म बाजारातून झाला नाही, एका बंगल्यातून झाला. १७९८ साली निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. त्या वेळचा रेसिडेंट जेम्स किर्कपॅट्रिक याने नदीकाठी एक भव्य वाडा उठविण्याचे योजिले, आणि तोही निजामाच्या खर्चाने. सांगतात की त्याने भलामोठा नकाशा दरबारात नेला, तेव्हा निजामाने साफ नकार दिला. मग त्याने तोच नकाशा एका लहानशा पत्त्यावर काढून नेला, आणि मंजुरी तत्काळ मिळाली. कागद लहान म्हणजे जमीनही लहान, असा निजामाचा समज झाला म्हणे. गोष्ट खरी असो वा रचलेली, तैनाती फौजेच्या राजकारणाचे सारे मर्म तिच्यात आले आहे. वाडा १८०३ ते १८०६ च्या सुमारास उभा राहिला. लोकांनी त्याला कोठी म्हटले आणि भोवतालच्या वस्तीलाही तेच नाव पडले. किर्कपॅट्रिकने आपली पत्नी खैरुन्निसा हिच्यासाठी बांधलेला रंगमहल पुढे पाडण्यात आला. वस्तीचे नाव मात्र रंगमहल राहिले आहे.

कोठीभोवती सावकार जमले, कारण तेथे कायदा निराळा होता. निजामाच्या मुलखाच्या पोटात असूनही रेसिडेन्सी बाजाराचा कारभार रेसिडेंटकडे असे. नदीपलीकडच्या सरदाराने कर्ज बुडविले तर दाद मागायला जवळच एक दार होते. नाणीही दोन चालत. निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार. जेथे दोन नाणी भेटतात तेथे सराफ जन्माला येतो, हे आमच्या गुजरी बाजारातल्या माणसाला निराळे समजावून सांगायला नको.

सराफीचा कळस म्हणजे विल्यम पामरची पेढी. १८१४ च्या सुमारास निघालेल्या या पेढीने निजामाला फौजेच्या पगारासाठी भारी व्याजाने कर्जे दिली. पुढे मेटकाफ रेसिडेंट होऊन आला तेव्हा त्याने हा व्यवहार उघडकीस आणला आणि पेढी बुडाली. पण फौजेचे देणे बुडाले नाही. ते साचत गेले आणि १८५३ च्या तहाने त्यापायी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. या फौजेची एक छावणी आमच्या हिंगोलीला होती. कोठीच्या सावलीतले व्याज आणि हिंगोलीच्या शिपायाचा पगार एकाच वहीत लिहिले जात, हे आम्ही इतिहास शिकताना सहसा ध्यानात घेत नाही.

१८५७ च्या जूनमध्ये याच फौजेतले औरंगाबादचे स्वार बिघडले. त्यांच्यापैकी जमादार चिदाखान हैदराबादेस आला. दिवाण सालारजंगाने त्याला रेसिडेंटच्या हवाली केले. १७ जुलैला तुर्रेबाजखान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी रोहिल्यांसह रेसिडेन्सीवर चाल केली. कोठीसमोरचे अब्बनसाहेब आणि जयगोपालदास यांचे वाडे त्यांनी धरले आणि तेथून गोळ्या झाडल्या. रात्रभर लढाई झाली. तुर्रेबाजखान १८५९ मध्ये मारला गेला. मौलवी अंदमानात कैदेत राहून तेथेच वारला. भर पेठेत, सावकारांच्या माड्यांवरून झालेले हे युद्ध आमच्या पाठ्यपुस्तकांत अजून एका ओळीचे आहे.

आता आमच्या जिल्ह्याचे माणूस या पेठेत येते. केशवराव कोरटकर यांचा जन्म १८६७ चा, वसमतकडील पुरजळचा. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात मोडे, १९९९ पासून हिंगोलीत आहे. केशवराव आधी गुलबर्ग्यास होते, मग हैदराबादेस वकिली करू लागले आणि अखेर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. रेसिडेन्सी बाजारात १८९२ साली आर्यसमाज निघाला होता. केशवराव त्याचे धुरीण झाले. याच भागात १९०१ मध्ये तेलुगू बांधवांनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे ग्रंथालय काढले. १९०७ मध्ये केशवराव, वामनराव नाईक आणि त्यांचे सहकारी यांनी जांबबागेत विवेकवर्धिनी पाठशाळा उभी केली. १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले, आणि १९३१ चे साहित्यसंमेलन डॉ. केतकरांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरले.

हे सारे याच एका पट्ट्यात का घडावे? इंग्रजांना आमच्या विद्येचा कळवळा होता असे कोणी समजू नये. दोन सत्तांच्या सांध्यात जी फट राहते तीत गवत उगवते, तसे ते उगवले. निजामी मुलखात ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या हुकुमाने सभेला परवानगी लागे. फटीत राहणाऱ्याला थोडा अधिक श्वास घेता येई, एवढेच.

तथापि एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९२१ च्या नोव्हेंबरात विवेकवर्धिनीत सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष साक्षात धोंडो केशव कर्वे. तेथे आलमपल्ली व्यंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलू लागले तेव्हा श्रोत्यांनी गोंगाट करून त्यांची टवाळी केली. त्या श्रोत्यांत मराठी मंडळी पुष्कळ होती. उर्दूच्या दडपणाखाली मातृभाषेसाठी शाळा काढणाऱ्यांना ज्या भूमीवर आपण बसलो आहो तिची भाषा ऐकवेना! अपमान झालेल्या तेलुगू मंडळींनी त्याच रात्री एकत्र बसून आंध्र जनसंघाचा पाया घातला. तेलंगणातील जागृतीचे मोठे पर्व तेथून सुरू होते. आमच्या थोर संस्थेच्या इतिहासात हे पान आम्ही झाकून ठेवतो. ते झाकू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९३३ साली रेसिडेन्सी बाजार निजामाकडे परत गेला आणि त्याचे नाव सुलतानबाजार झाले. कायदा बदलला, पेठेची सवय बदलली नाही. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच जिल्ह्यात, परभणीचे वकील गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली झाले. पुढल्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि २४ ऑक्टोबर १९३८ ला सत्याग्रहींची पहिली तुकडी हैदराबादेत तुरुंगात गेली. तिचे नेते पुन्हा गोविंदराव नानल. त्या तुकडीत रावी नारायण रेड्डी होते, रामकिशन धूत होते. १९२१ ची जखम थोडी तरी भरून आली होती म्हणायची. १५ ऑगस्ट १९४७ ला सुलतानबाजारात तिरंगा लागला आणि स्वामी रामानंद तीर्थ पकडले गेले. पुढचे तेरा महिने आमच्या जिल्ह्याने कसे काढले ते येथे वेगळे सांगण्याचे कारण नाही.

आबिड्सविषयी थोडेच सांगतो. सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या आबिड नावाच्या आर्मेनियन गृहस्थाच्या दुकानावरून त्या चौकाला नाव पडले. पलीकडे १९३५ चे ग्रॅनाइटचे मोअज्जम जाही मार्केट आहे. गनफौंड्री म्हणजे फ्रेंच सरदार रेमंडचा तोफांचा कारखाना. तेथेच १९४२ मध्ये हैदराबाद स्टेट बँकेची पहिली शाखा उघडली. पुढे याच बँकेच्या शाखांतून मराठवाड्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी पीककर्ज घेतले. २०१७ साली ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

सुलतानबाजाराच्या अरुंद रस्त्यावरून आता मेट्रोचा पूल गेला आहे. दुकानदारांनी कित्येक वर्षे विरोध केला, तरी २०२० मध्ये गाडी सुरू झाली. खालच्या दुकानांत साड्यांचे ढीग पूर्वीसारखेच आहेत. कोठीचा वाडा १९४९ मध्ये मुलींच्या कॉलेजला मिळाला. पायऱ्यांच्या दोन बाजूंचे दगडी सिंह जागच्या जागी आहेत, आणि अलीकडे वाड्याची नीट डागडुजीही झाली आहे. त्या कॉलेजचे पुढे महिला विद्यापीठ झाले. २०२४ साली त्याला चाकली ऐलम्मा यांचे नाव देण्यात आले. ऐलम्मा पालकुर्तीच्या, जातीने परटीण. कसत असलेल्या जमिनीसाठी त्या देशमुखाशी झगडल्या. त्या बोलत असत तेलुगू.