राष्ट्रगीताची भाषा, राष्ट्राची भाषा

ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध म्हटले की आपल्याकडच्या साहित्याच्या विद्यार्थ्याला प्रथम आठवतो तो बायरन. 19 एप्रिल 1824 रोजी मिसोलोंगी येथे तापाने त्याचा अंत झाला, आणि अभ्यासक्रमापुरते ते युद्धही तिथेच संपते. त्या युद्धाचा खरा कवी मात्र तेव्हा समुद्रापलीकडच्या झाकिन्थोस बेटावर होता आणि, नवल वाटेल, ग्रीक शिकत होता.

दिओनिसिओस सोलोमोस (1798–1857) हा एका सरदाराचा मोलकरणीपासून झालेला मुलगा. वडिलांची भाषा इटालियन, आईची ग्रीक. शिक्षण इटलीत झाले, पहिल्या कविताही इटालियनमध्येच. 1822 मध्ये त्रिकूपिस या मित्राने ग्रीकमध्ये लिहिण्याचा आग्रह धरला. मे 1823 मध्ये त्याने स्वातंत्र्यावर 158 कडव्यांचे स्तोत्र रचले, तेही आईच्या बोलीत.

ही निवड वाटते तितकी साधी नव्हती. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडल्यानंतर उस्मानी राज्याने प्रजेची विभागणी धर्मावरून केली. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तेवढे सारे एका धर्मगुरूच्या छत्राखाली आले. त्यांत बल्गेरियन होते, सर्ब होते, अल्बेनियनही होते. सामान्य ग्रीक स्वतःला ‘रोमिओस’, म्हणजे रोमन, म्हणवी. ‘हेलेन’ म्हणजे त्याच्या लेखी प्राचीन मूर्तिपूजक. पेरिक्लीसचे वंशज असल्याची जाणीव त्याला नंतर शिकवावी लागली, आणि ती शिकवणाऱ्यांत अग्रणी होता पॅरिसवासी पंडित कोराइस. तुर्की-इटालियन शब्द गाळून, व्याकरण घासूनपुसून भाषा शुद्ध करावी, हा त्याचा आग्रह. तो अतिरेकी नव्हता. थेट प्राचीन ग्रीककडे परतू पाहणाऱ्यांना त्याचा विरोधच होता. पण त्याच्या मध्यममार्गातूनच पुढे ‘काथारेवूसा’ ही घडीव ग्रांथिक भाषा आकाराला आली.

1821 चा उठाव, 1822 मधले खिओस बेटावरचे हत्याकांड, 1827 ची नावारिनोची आरमारी लढाई, 1830 मध्ये बड्या सत्तांनी मान्य केलेले स्वातंत्र्य आणि 1833 मध्ये आणून बसवलेला बव्हेरियाचा राजपुत्र ओटो: हा क्रम कोणत्याही इतिहासग्रंथात सापडतो. एप्रिल 1826 मध्ये मिसोलोंगी पडले. तिथल्या निर्वासित बायका झाकिन्थोसच्या रस्त्यांवर भीक मागत होत्या. ‘झाकिन्थोसची बाई’ या गद्यकृतीत सोलोमोसने त्यांचा अपमान करणारी एक स्थानिक स्त्री उभी केली आहे. स्वातंत्र्याच्या कवीने शत्रू म्हणून तुर्क न रंगवता आपल्याच बेटावरची बाई रंगवावी, हे मला त्याच्या स्तोत्राहून मोठे वाटते. ही कृती त्याच्या हयातीत छापली गेली नाही.

ज्यांनी हे युद्ध लढले, त्यांची भाषा कशी होती? सेनानी माक्रियान्निस जेमतेम अक्षरओळख असलेला. तिशी उलटल्यावर, 1829 मध्ये, त्याने आठवणी लिहायला घेतल्या. बोलावे तसे, विरामचिन्हांशिवाय. त्या 1907 मध्ये प्रकाशित झाल्या, आणि आज आधुनिक ग्रीक गद्याचा तो मानदंड मानला जातो. स्वतंत्र राज्याची कचेरी, न्यायालय, विद्यापीठ यांत मात्र कोराइसच्या वारसदारांची भाषा नांदत होती. 1901 मध्ये एका वृत्तपत्राने शुभवर्तमानाचा बोलीतला अनुवाद छापला, तेव्हा अथेन्समध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि आठ माणसे मेली. उस्मानी सत्तेने ज्या भाषेकडे फारसे लक्ष दिले नव्हते, तिच्यावरून स्वतंत्र ग्रीकांनी एकमेकांचे रक्त सांडले.

विसंगती अशी, की सोलोमोसच्या स्तोत्राची पहिली दोन कडवी 1865 पासूनच राष्ट्रगीत आहेत. शाळाशाळांतून मुले ती बोलीत गात आणि मग खाली बसून ग्रांथिक व्याकरण घोकत. बोलीला राज्यभाषेचा दर्जा मिळाला तो 1976 मध्ये, काथारेवूसाचा कैवार घेणारी लष्करी राजवट कोसळल्यानंतर दोन वर्षांनी.

सोलोमोसला हे सारे पाहायचे नव्हतेच. मिसोलोंगीच्या वेढ्यावरचे ‘स्वतंत्र वेढलेले’ हे काव्य तो वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लिहीत राहिला आणि अपुरेच ठेवून गेला. हस्तलिखितात ओळी ग्रीक आहेत. त्यांच्या आजूबाजूला स्वतःसाठी केलेली टिपणे मात्र इटालियनमध्ये.