वेरेश्चागिन नावाचा साक्षीदार

एक चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असणार. मोकळ्या मैदानात तोफांची रांग, प्रत्येक तोफेच्या तोंडाशी बांधलेला एकेक माणूस आणि शेजारी शिस्तीत उभे गोरे सैनिक. १८५७ वरच्या पुस्तकांत ते हमखास छापतात, चित्रकाराचं नाव मात्र क्वचितच देतात. हे चित्र वासिली वेरेश्चागिन या रशियन माणसाने काढलं. सत्तावन साली तो रशियात नौदलाच्या शाळेत शिकत होता.

म्हणजे उठाव त्याने पाहिला नव्हता. चित्र १८८४ च्या सुमाराचं, सैनिकांचे पोशाखही त्याच काळातले. यावर तेव्हा टीका झाली. पण १८७२ साली पंजाबात मालेरकोटल्याला साठहून अधिक कूका शिखांना इंग्रजांनी खरोखरच असं उडवलं होतं, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी वेरेश्चागिन हिंदुस्थानात आला. 'तोफेच्या तोंडी देणं' आपण ऑफिसात सहज म्हणतो. (ही शिक्षा मोगल आणि मराठेही देत, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.) त्याने हे चित्र एकटं काढलं नाही. त्यासोबत रोमन काळातला क्रूस आणि रशियातली फाशी अशी आणखी दोन चित्रं होती. स्वतःच्या देशालाही त्याने त्याच रांगेत उभं केलं, हे मला फार मोठं वाटतं.

त्याचा जन्म १८४२ चा, चेरेपोवेत्स गावातला. नौदलाच्या शाळेतून तो पहिला आला आणि नोकरी न धरता चित्रकला शिकायला गेला. घरी काय झालं असेल याची कल्पना आपल्या पिढीला द्यायला नको! पुढे पॅरिसला जेरोमकडे शिकला. १८६७ मध्ये जनरल काउफमानच्या फौजेबरोबर तो तुर्कस्तानात, म्हणजे मध्य आशियात गेला. चित्रकार म्हणून गेला खरा, पण १८६८ मध्ये समरकंदच्या किल्ल्याला वेढा पडला तेव्हा बंदूक घेऊन लढला आणि सेंट जॉर्ज क्रॉस मिळवला. त्याला शांततावादी संत करून टाकतात, ते मला पटत नाही. युद्ध त्याला ओढत होतं. फक्त तिथे पाहिलेलं तो लपवायला तयार नव्हता.

तिथूनच ते कवट्यांच्या ढिगाचं चित्र आलं, 'युद्धाचा जयजयकार'. अर्पणपत्रिका 'भूत, वर्तमान आणि भविष्यातल्या सर्व थोर विजेत्यांना'. १८७४ मध्ये पीटर्सबर्गला प्रदर्शन भरलं. रणांगणावर टाकून दिलेला मेलेला रशियन शिपाई आणि त्याच्यावर उतरणारी गिधाडं-कावळे, असंही एक चित्र त्यात होतं. काउफमान संतापला : आमची फौज आपले मृत टाकून येत नाही! वेरेश्चागिनने ते आणि आणखी दोन चित्रं स्वतःच्या हाताने जाळली. दबाव होता, हे खरं. तरी मला ते जाळणं अजून खुपतं. त्यानंतर तो हिंदुस्थानात आला. अकादमीने देऊ केलेली प्राध्यापकीही त्याने नाकारली. इथे त्याने ताजमहाल रंगवला, हिमालय रंगवला. जयपूरची, वेल्सच्या युवराजाची हत्तींवरची मिरवणूकही त्याचीच. ते अवाढव्य चित्र कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे. मिरवणूक आणि तोफा, दोन्ही एकाच हातची.

१८७७ मध्ये रशिया-तुर्कस्तान युद्धात डॅन्यूब नदीवर तो जबर जखमी झाला आणि प्लेव्हनाला त्याचा भाऊ मारला गेला. त्या युद्धातली एक तीन चित्रांची मालिका माझी सर्वांत आवडती. शिपका खिंडीत बर्फात उभा पहारेकरी. दुसऱ्या चित्रात बर्फ अंगावर चढलेला, तिसऱ्यात जवळजवळ फक्त बर्फाचा ढीग. नाव 'शिपकावर सर्व शांत', कारण सेनापतीच्या तारांमध्ये रोज तेवढंच लिहिलेलं असे. आमच्या क्षेत्रात दर आठवड्याला अहवाल जातो, सगळे दिवे हिरवे. खाली रात्रभर जागून कोणाचं काय झालं, ते त्यात नसतं. अर्थात आम्ही गोठून मरत नाही. आपल्या बॅचमधला एकजण सियाचीनला राहून आला आहे. तिथे कसं होतं, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ठीक होतं." संमेलनात ही तीन चित्रं त्याला मोबाइलवर दाखवणार आहे.

प्रदर्शनाबाबत तो हौशी होता. १८८० मध्ये विजेचे दिवे लावून चित्रं दाखवायचा, तेव्हा वीज हीच बघण्याची गोष्ट होती. बर्लिनला फील्डमार्शल मोल्टकेने सैनिकांना हे प्रदर्शन बघायला बंदी केली, असं सांगतात.

१९०४ मध्ये रशिया-जपान युद्ध सुरू झालं तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता. तरीही तो पोर्ट आर्थरला गेला. १३ एप्रिलला अ‍ॅडमिरल माकारोवबरोबर 'पेत्रोपावलोव्स्क' या युद्धनौकेवर असताना ती पाणसुरुंगावर आदळली आणि काही मिनिटांत बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. कोवळ्या वयात नौदल सोडलेला वेरेश्चागिन त्यांच्यात होता.